सायकल येते, पळणं येतं, पाण्याचं काय? माझं ट्रायथलॉनचं पहिलं वर्ष, नाशिकहून

वेलीवरची
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत वर्ष संपायला आलं. आज दुकानाला सुट्टी आहे, पाय अजून दुखतायत, म्हणून बसलेच. मागच्या रविवारी ऑलिम्पिक डिस्टन्स ट्रायथलॉन पूर्ण केली. 1500 मीटर पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी पळणं, सगळं मिळून 3 तास 41 मिनिटं. वेळ काही फार भारी नाही पण माझ्यासाठी खूप मोठी आहे, कारण याच वर्षी फेब्रुवारीत मला पाण्यातून बोटीवर ओढून काढलं होतं.

माझं वय 43. दिंडोरी रोडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, मी आणि नवरा दोघं मिळून चालवतो. पाच वर्षं पळतेय, तीन वर्षं सायकल. म्हसरूळहून दिंडोरीपर्यंत जाऊन यायचं, डावीकडे रामशेजचा किल्ला उजळत असतो, तो रस्ता माझ्या अंगवळणी पडलाय. ट्रायथलॉन डोक्यात यायचं कारण एवढंच की आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये सायकलवाले पंधरा, पळणारे तीस आणि पोहणारं कोणीच नाही. रिले टीम करू म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मला हे फार लागायचं. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 ला दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस, पूर्ण केली, आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या कॉमनवेल्थला 10 हजार मीटरमध्ये मेडल आणलं, म्हणजे सायकल आणि पळणं या गावाच्या रक्तात आहे. पण गोदाकाठचं गाव असून आपण पाणी म्हटलं की रामकुंडावर पाय बुडवतो आणि घरी येतो. लहानपणी पूर आला की वडील आम्हाला दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं ते दाखवायला न्यायचे. पाणी ही बघायला जायची गोष्ट होती, उतरायची नाही, मुलींनी तर नाहीच.

पोहायला मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर शिकले, सावरकर जलतरण तलावावर. तीन महिन्यांत न थांबता 800 मीटर जायला लागले आणि मला वाटलं झालं. म्हणून फेब्रुवारीत पुण्याकडे एका जलाशयात स्प्रिंट, म्हणजे छोटी ट्रायथलॉन, होती तिथे नाव घातलं, 750 मीटर पोहणं.

त्या सकाळचं नीट लिहिते कारण नवीन लोकांना हेच कोणी सांगत नाही. पाणी गार होतं. छातीपर्यंत गेले आणि श्वास आपोआप आत ओढला गेला, एकदम, उचकी लागल्यासारखा. शिट्टी झाली, सगळे तुटून पडले, माझ्या डोक्यावरून कोणाचातरी हात गेला, गॉगल डाव्या डोळ्यावरून सरकला. तोंड पाण्यात घातलं तर खाली काहीच दिसेना, हिरवट काळोख, स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसत होता त्यापुढे नाही. तलावात खाली निळी रेघ असते, भिंत येणार हे माहीत असतं, इथे काहीच नव्हतं. मी डोकं वर काढून पोहायला लागले, डोकं वर आलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की दम दुप्पट लागतो. दोनशे-अडीचशे मीटरवर मी हात वर केला. कायाकवाला मुलगा आला, विशीचा असेल, म्हणाला ताई नुसतं धरून ठेवा, बोलू नका. मग बोटीत घेतलं. काठावर बसून मी माझी सायकल बघत होते, बाटली भरून, हेल्मेट हँडलवर उलटं ठेवून, सगळं तयार. तिच्यावर त्या दिवशी बसलेच नाही.

परत आल्यावर महिनाभर कोणाला सांगितलं नाही. मग तलावावरच्या सरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, पाण्यात श्वास सोडत होतीस का? आणि मला लक्षात आलं की नव्हते. मी आत घेत होते, धरून ठेवत होते, आणि भरलेल्या छातीत परत आत घ्यायला बघत होते. घुसमट होते ती बहुतेकदा हवा कमी पडल्यामुळे नाही, आतला कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. मग दोन महिने त्यांनी मला जवळजवळ फक्त बुडबुडे काढायला लावले. काठ धरून तोंड पाण्यात, नाकातोंडातून हळू सगळं सोडायचं, बाजूला वळून चमचाभर घ्यायचं, परत सोडायचं. शेजारी पाच वर्षांची मुलं हेच करत होती. एप्रिलमध्ये एका सकाळी पाण्याखालचा तो गुडगुड आवाज एकसारखा यायला लागला आणि त्या दिवशी मी 1200 मीटर गेले, दम न लागता. माझ्यासाठी अख्ख्या वर्षातला खरा दिवस तो, फिनिश लाइन नाही.

दुसरा प्रश्न उघड्या पाण्याचा. आमचा एक जुना गिऱ्हाईक आहे मखमलाबादकडे, त्याच्याकडे मोठं सामूहिक शेततळं आहे, एक बाजू चाळीसेक मीटर. मे महिन्यात मी तिथे सुरू केलं. खाली रेघ नाही, पाणी हिरवं, भिंतीऐवजी प्लास्टिकचा उतार, म्हणजे मला हवं होतं तेच. तिथे मी मान न उचलता नुसते डोळे पाण्यावर काढून पुढे बघायला शिकले, मगर बघते तसं. सहा हात मारायचे, डोळे वर, बांधावरचं कडुलिंबाचं झाड दिसलं की परत खाली. नवरा बांधावर दोर घेऊन बसायचा. पावसाळ्यात बंद ठेवलं, तेव्हा सायकलवर भर. जुलैत त्र्यंबकरोडला जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर घेत अंजनेरीपर्यंत जायचं आणि येताना तोच वारा पाठीवर, याच्याइतकं ट्रेनिंग कुठल्या मशीनवर होत नाही.

मग गोवा. तिथल्या हाफ आयर्नमॅनला रिले असते, एक पोहतो, एक 90 किमी सायकल, एक 21 किमी पळतो. ग्रुपमधल्या दोघांनी विचारलं, आणि या वेळेस पोहणारी मी होते. 1.9 किमी, अरबी समुद्र, मिरामारचा किनारा, एक तास दहा मिनिटांचं कटऑफ. दिवस आमच्या धंद्याचे सगळ्यात वाईट, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकलेली, पाऊस जात नव्हता, बागांना डावणी रोग यायला लागलेला, सहापासून फोन सुरू. नवरा म्हणाला तू जा, मी बघतो. त्याने चार दिवस एकट्याने दुकान ओढलं, जेवायलाही घरी आला नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे.

समुद्रात पहिल्या लाटेला छाती भरून आली होती, तेच, फेब्रुवारीसारखंच. भीती गेली वगैरे काही नसतं. फक्त या वेळेस मला माहीत होतं काय करायचं. पाठीवर उलटले, आकाश बघत दहा वेळा पूर्ण श्वास सोडला, माणसं पुढे गेली ती जाऊ दिली, आणि मग परत पालथी. मिठाच्या पाण्याने अंग आपोआप वर राहतं, पहिल्या बोयापर्यंत (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) ते लक्षात आलं आणि मग मजा यायला लागली. 58 मिनिटं. पळत जाऊन घोट्याची टायमिंग चिप काढून सायकलवाल्याच्या पायात बांधली तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की वेलक्रो त्यानेच लावलं.

मागच्या रविवारच्या रेसचं थोडक्यात: पोहणं 43 मिनिटं, सायकल 1 तास 39, पळणं 1 तास 12, बाकी कपडे-बूट बदलण्यात गेली. पळण्याचे पहिले दोन किमी पाय लाकडाचे होते. ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव, कमी केला होता, त्याचं फळ.

विचारायचं हे की आपल्याकडे मोठ्या वयात पोहायला शिकलेले आणि उघड्या पाण्याला घाबरणारे अजून किती आहेत? एकत्र काही करता येईल का?

सातपूर_सायकल
ताई सलाम. मी त्या ग्रुपमधला नाही पण तोंडाकडे बघणाऱ्यांतला नक्की आहे. 200 किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल राइड) झाल्यात, कसारा घाट रात्री चढलोय, पण पोहायचं म्हटलं की पोटात गोळा. वय 38. लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून ढकललं होतं काकांनी, डबा सुटला, तेव्हापासून जे बसलंय ते बसलंय. तुमचं बुडबुड्यांचं वाचून पहिल्यांदा वाटलं की हे शिकता येईल. एक विचारू का, गंगापूर धरणात का नाही करत प्रॅक्टिस? एवढं पाणी आहे आपल्याकडे.

वेलीवरची
दादा, डबा सुटलेली माणसं आपल्याकडे फार आहेत, तुम्ही एकटे नाही. धरणाचं म्हणाल तर ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, असंच कुठेही उतरणं बरोबर नाही आणि बॅकवॉटरला काठाशी गाळ इतका की पाय मांडीपर्यंत जातो. परवानगी, बोट, जीवरक्षक हे सगळं असेल तरच. आपण रीतसर अर्ज करावा असं माझं मत आहे, पण तोपर्यंत नाही.

पहाटपळी
किती छान लिहिलंस गं. मी कृषीनगर ट्रॅकवाली, दोन मुलं, धाकटा चार वर्षांचा. मला पाण्यापेक्षा वेळेचं सांग. तू कधी करतेस सगळं? आणि पहाटे साडेचारला एकटी सायकलवर दिंडोरी रोडला भीती नाही वाटत?

वेलीवरची
@पहाटपळी आठवड्याला सात ते नऊ तास, त्याच्यावर कधीच गेले नाही. मंगळवार गुरुवार पोहणं, दुकान उघडायच्या आधी. बुधवारी पळणं. शनिवारी मोठी सायकल, रविवारी मोठं पळणं, आणि सोमवार काहीच नाही, सोमवार सासूबाईंचा, त्यांना डॉक्टर, देऊळ, बाजार जे असेल ते. पाच दिवस त्या सकाळचा डबा करतात, तर सोमवारी मी त्यांच्या हाताशी. एकटी मी अंधारात जात नाही. दोघी-तिघी जमलो तरच, नाहीतर उजाडल्यावर. एकदा एका पिकअपवाल्याने मुद्दाम अंगावर घातली होती, मातीत उतरले म्हणून वाचले. त्यानंतर मागचा लाल दिवा दिवसाही लावते. आणि आता कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते जागोजागी खोदलेत, काल होता तो रस्ता आज नसतो, अंधारात अजिबात नको.

निफाडकर
लेख चांगला आहे, अभिनंदन. पण शेततळ्याचा भाग काढा अशी विनंती. रागावू नका. माझा आत्तेभाऊ 19 वर्षांचा होता, शेततळ्यात मोटरचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरला आणि घसरला. पोहता येत होतं त्याला. पण त्या प्लास्टिकला शेवाळ धरतं, हात टेकायला काही नसतं, काठ हातभर अंतरावर दिसतो आणि वर येता येत नाही. त्याला काढायला चुलता उतरला तोही गेला. आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. तुमचं वाचून एखादा पोरगा उतरला तर?

वेलीवरची
@निफाडकर रागवायचा प्रश्नच नाही दादा. वाचून हात थांबला माझा. तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं आहे आणि मी वर ते लिहायलाच हवं होतं. भाग काढत नाही, कारण नुसतं काढलं तर लोकांना धोका कळणार नाही, पण सगळं सविस्तर लिहिते.

शेततळ्यात अंथरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, ओला झाला की काच. मी पहिल्यांदा उतरायच्या आधी मालकाने, तो खूप सावध माणूस आहे, चारही बाजूंना बांधावर लोखंडी पहारी ठोकून नायलॉनचे दोर आत सोडले, जाडजूड, फुटाफुटावर गाठी मारलेले, तळापर्यंत जातील एवढे. मधोमध ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, तीही दोराने बांधलेली. माझ्या कमरेला नारिंगी फुगा असतो, टो फ्लोट म्हणतात, दम लागला तर त्याला धरून तरंगता येतं. पहिले दोन दिवस मी पोहलेच नाही, फक्त दोर धरून आत जायचं आणि दोर धरून बाहेर यायचं एवढंच, वीस वेळा. तिसऱ्या दिवशीही बाहेर येताना एकदा गुडघे घसरले आणि मी गाठीला लटकले, तेव्हा तुम्ही म्हणता ते कळलं, बांध नाकासमोर होता आणि दोर नसता तर तो मला मिळाला नसता. बांधावर कायम माणूस, आणि त्याला सांगून ठेवलेलं की काही झालं तरी तू उतरायचं नाहीस, ट्यूब फेकायची. आणि मी तेव्हा 1200 मीटर न थांबता पोहत होते. ज्याला तलावात एवढं येत नाही त्याने शेततळ्याकडे फिरकूही नये. दोर नसलेल्या शेततळ्यात तर कोणीच नाही, मी सुद्धा नाही.

आजपासून दुकानात शेततळ्याचा कागद न्यायला येईल त्या प्रत्येकाला बिलाबरोबर दोराचं सांगणार. दोर स्वस्त आहे हो.

निफाडकर
धन्यवाद ताई. दुकानाचं करा खरंच. आमच्याकडे त्या प्रकारानंतर कुंपण आणि दोर दोन्ही झालं, पण नंतर.

हाडांचा_मित्र
फिजिओ आहे म्हणून दोन गोष्टी. गार पाण्यात श्वास आपोआप ओढला जातो ती शरीराची प्रतिक्रिया आहे, कमकुवतपणा नाही, मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. म्हणून रेसआधी काठावर चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर पाणी घ्या, शिट्टीच्या आधी दोन मिनिटं पाण्यात उभे राहून बुडबुडे काढा, आणि घोळक्यात न जाता कडेला, मागे उभे राहा. दुसरं, चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी ईसीजी, बीपी, शुगर बघितल्याशिवाय रेसला उतरू नये. पोहताना छातीत दुखलं किंवा खोकल्याबरोबर फेस आला तर ती भीती समजून पुढे जाऊ नका, हात वर करा. ताईंनी फेब्रुवारीत हात वर केला हा त्यांच्या वर्षातला सगळ्यात शहाणा निर्णय होता.

सातपूर_सायकल
हे शेवटचं वाक्य फार बरं वाटलं वाचून. आपल्याकडे अर्धवट सोडलं की लोक वर्षभर टोमणे मारतात.

चांदवडचा_पांडू
पाण्याचा विषय निघालाय तर दत्तू भोकनळचं नाव यायला पाहिजे राव. आमच्या चांदवड तालुक्यातला तळेगाव रोहीचा, दुष्काळी गाव, बापाबरोबर विहिरी खोदायची कामं केलेला पोरगा. सैन्यात गेला, तिथे रोइंग, म्हणजे बोट वल्हवायचा खेळ, शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने वल्हवायची शर्यत) तेरावा आला. ज्या गावात प्यायला टँकर, त्या गावचा माणूस. तर नाशिकवाल्यांनो तुमच्याकडे तर गोदावरी आहे.

वेलीवरची
@चांदवडचा_पांडू कसं विसरले मी! बरोबर आहे, आणि तो पाण्यापर्यंत पोचला कारण सैन्यात कोणीतरी त्याला बोटीत बसवलं, शिकवलं. आपल्याकडे शिकवणारे आहेत, बसवणारं कोणी नाही.

गोदेकाठचा_नवखा
माझं वय 51, रिटायरमेंट जवळ आलीय. सायकल साधी, गिअरची पण जुनी. ट्रायथलॉनला महागडी सायकल लागते म्हणून गप्प बसलो होतो. खर्चाचं सांगाल का कोणी?

सातपूर_सायकल
काका स्प्रिंटला 20 किमीच असते, चालू स्थितीतली कुठलीही सायकल चालेल, फक्त ब्रेक आणि हेल्मेट. मी लोकांना एमटीबीवर (जाड टायरची माउंटन बाइक) करताना बघितलंय. टायरमध्ये हवा पूर्ण भरा, अर्धा फरक तिथेच पडतो. पंक्चर काढायची प्रॅक्टिस घरी करा, दहा मिनिटांत ट्यूब बदलता आली पाहिजे. ती मदत मी करतो, सातपूरला या कधीही संध्याकाळी सातनंतर.

वेलीवरची
काका, माझी सायकलही सेकंडहँड आहे, सुटे भाग बदलत बदलत चालवतेय. मिलिंद सोमणने झुरिकची फुल आयर्नमॅन (हाफच्या दुप्पट अंतराची) पूर्ण केली तेव्हा तो 49 वर्षांचा होता. तो आधीचा नॅशनल लेव्हलचा पोहणारा, ती गोष्ट वेगळी, पण 51 ला स्प्रिंट अजिबात उशीर नाही. पैसे घालायचेच असतील तर पहिल्यांदा पोहण्याच्या शिकवणीत घाला, सायकल नंतर. आणि चांगला गॉगल, दोन घ्या, एक धूसर काचेचा उन्हासाठी आणि एक पारदर्शक.

पहाटपळी
मग आता ठरवूया ना काहीतरी. धागे नुसते वाढतात आपल्याकडे. मला 25 मीटर येतं कसंबसं, श्वास धरूनच.

वेलीवरची
ठरवूया. सरांशी आत्ताच फोनवर बोलले. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला सावरकर तलावाच्या गेटवर भेटू, आत जायचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. पहिले चार रविवार फक्त श्वास आणि पाठीवर तरंगणं, अंतर कोणी मोजायचं नाही. ज्यांचं 800 मीटर न थांबता होतंय त्यांची वेगळी यादी करू आणि तेवढ्यांसाठीच उघड्या पाण्याचं, तेही जीवरक्षक आणि बोट मिळाली तर. अर्जाचा मसुदा मी लिहिते, @निफाडकर तुम्ही एकदा वाचून द्याल का? सुरक्षेचा भाग तुमच्या नजरेखालून जायला हवा.

निफाडकर
पाठवा. रविवारी मी पण येतो. मला पोहता येत नाही.

सातपूर_सायकल
मी येतोय.

गोदेकाठचा_नवखा
मी पण. टोपी कुठल्या रंगाची आणू?

वेलीवरची
भडक कुठलीही. नारिंगी, पिवळी, पोपटी. निळी, काळी आणि पांढरी नको, पाण्यात दिसत नाही. आणि सकाळी खूप खाऊन येऊ नका, अर्धं केळं पुरे. थंडी आहे, अंग पुसायला दोन पंचे आणा.